रविराजच्या घरचं गरम पाणी

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ७.
काल रविराजच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. रविराज माझा धाकटा भाऊ. वीस वर्षं फौजेत होता, गेल्या वर्षी पेन्शनवर आला आणि कवठे महांकाळात आमच्या घराला लागूनच, त्याच्या वाटणीच्या जागेत बंगला बांधला. चांगला बांधलाय. मला आनंद आहे. थोरल्या भावाला आनंदच होतो.

दीडशे माणूस जेवून गेलं. देवघर कुणी बघितलं का? नाही. सगळे बाथरूम बघायला. रांग लागली होती. रविराज नळाचा दांडा फिरवायचा, वाफा यायच्या, माणूस "आयला!" म्हणून बाहेर यायचा. सोलरचं पाणी. आमच्या तांब्याच्या बंबाला चाळीस वर्षं झाली, तो बघायला कुणी आलेलं मला आठवत नाही.

मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "धनाजी, तुझं कवा?" मी म्हणालो, "बघू." उत्तर कमी पडलं. रात्रभर चांगली उत्तरं सुचत होती.

मला हेवा वाटत नाही. पुढं कुणी म्हणू नये म्हणून तारीख घालून लिहून ठेवतो.

२ डिसेंबर, सोमवार.
आई सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून कंपाउंडच्या फटीतून पलीकडं गेली. रविराजकडं आंघोळीला!

आई माझ्याकडं राहते. वय शहात्तर. जेवते माझ्याकडं, झोपते माझ्याकडं, औषधं माझ्याकडं. आंघोळ तिकडं. परत आली तेव्हा चेहरा ताजा. विचारलं, आपल्या बंबाच्या पाण्याला काय झालं? म्हणाली, "तिकडं बरं वाटतंय."

बरं वाटतंय म्हणे. चाळीस वर्षं मग काय वाटत होतं?

४ डिसेंबर, बुधवार.
सलग तिसरा दिवस. शाळेला निघालो (हायस्कूलला हेडक्लार्क आहे मी, गावात मान आहे) तर कोपऱ्यावर धोंडुबाई. "व्हय रं धनाजी, आई रविराजकडं राहायला गेली म्हनं?" एका टॉवेलवरून माणसं कुठवर जातात.

निर्णय झाला. आईच्या खोलीला लागून नवं बाथरूम बांधायचं. अटॅच्ड. प्रत्येक बाबतीत रविराजच्यापेक्षा वरचढ. उद्घाटन आईच्या हस्ते. रविराजला काही विचारायचं नाही.

मंगल म्हणाली, "आवं, आदी आईंना तरी विचारा." बायकोला सांगितलं, हा टेक्निकल विषय आहे.

७ डिसेंबर, शनिवार. दुपारी.
वास्तुशांतीला मी शब्दांत हरलो. हे आज लक्षात आलं. रविराज म्हणाला, "हा डायव्हर्टर," आणि लोकांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "कॉक चांगला आहे," तर त्याच्या सासरची औंधची मंडळी हसली. म्हणून विटांच्या आधी शब्द. यूट्यूब लावून बसलो. जे कळलं ते इथंच उतरवतो.

डायव्हर्टर: भिंतीतला दांडा. गार-गरम पाणी मिसळतो, आणि एकीकडं ओढला की पाणी खालच्या नळाला, दुसरीकडं ओढला की वर शॉवरला. कॉकच आहे. पण म्हणायचं नाही.

प्लिंथ: जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची. पावसाचं पाणी, किडा-मुंगी आत येऊ नये म्हणून. रविराजचा प्लिंथ दोन फूट. (टेप लावून मोजला. तो तेव्हा सांगलीला गेला होता.) पायऱ्या करायच्या सोडून त्यानं दाराला लांबलचक उतार केलाय. रॅम्प. मोटरसायकल आत घ्यायला असणार. फौजी माणूस, घराला रुबाब कशानं येतो ते कळत नाही.

आमच्या घराचा प्लिंथ एक फूट आहे. बाथरूमचा साडेतीन करणार.

१५ डिसेंबर, रविवार.
नारळ फोडला. जोतिबा मिस्त्री आला. जुना गवंडी, गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. रविराजचंही त्यानंच बांधलं, पण तो दोष मी पोटात घातला.

साडेतीन फूट ऐकून म्हणाला, "म्हंजी खोलीतनं वर चार पायऱ्या व्हत्यात की. रंगुकाकू चढत्याल व्हय?" मी म्हणालो, आईला व्यायाम होईल. तो गप्प बसला. माणसाला पटलं की तो गप्प बसतो.

तेवढ्यात रविराज कंपाउंडवरून डोकावला. "दादा, दोन गोष्टी सांगू का?" मी म्हणालो, आत्ता नको, काम चालू आहे. काम चालू नव्हतं, पण तो निमूट गेला. जाता जाता एक सांगितलीच. "टाकी सोलरच्या वर ठेव दादा." वीस वर्षं हुकूम ऐकून आलेली माणसं घरी येऊन हुकूम सोडतात.

२१ डिसेंबर, शनिवार.
फरशीसाठी सांगलीला गेलो. पारसच्या दुकानात. रविराजनंही तिथूनच घेतली. पारस सज्जन, आधी चहा दिला, मग म्हणाला, "आई वापरणार ना साहेब? मग अँटी-स्किड घ्या. रविराजभाऊंनी तीच नेली."

अँटी-स्किड: खरखरीत फरशी. ओली झाली तरी पाय धरून ठेवते. चमक नाही. शाळेच्या व्हरांड्यासारखी दिसते.

"रविराजभाऊंनी नेली" म्हटल्यावर विषय संपला. मी ग्लॉसी घेतली. पांढरी, त्यात सोनेरी रेघ. आरशासारखी. पारस दोनदा म्हणाला की ही भिंतीला लावतात. मी म्हणालो, दृष्टिकोन आहे. गाडीत फरशीत तोंड बघून भांग पाडला. दिसत होता.

२७ डिसेंबर, शुक्रवार.
भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर झालं. आता क्युरिंग. म्हणजे सिमेंटला रोज पाणी मारायचं, निदान आठवडाभर. सिमेंट वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. पाणी नाही मिळालं तर भेगा. ही माझी जबाबदारी घेतली आहे. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. मोबाइलवर गजर लावला.

३१ डिसेंबर, मंगळवार.
शाळेत वर्षअखेरीचं काम, घरी थंडी. क्युरिंगला तीन दिवस जमलं नाही. तरी आज जाऊन हात लावला तर भिंत ओली! चांगली ओली. उत्तम दर्जाचं सिमेंट हवेतली ओल खेचून घेत असावं. रविराजनं असलं सिमेंट वापरलेलं नाही, त्याला महिनाभर पाईप धरून उभं राहावं लागलं होतं.

सरत्या वर्षाचा हिशोब: मन स्वच्छ. कुणाबद्दल आकस नाही. रविराजच्या गच्चीवर पाहुणे आहेत, मोठमोठ्यानं हसतायत. हसू देत.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार.
भिंत अजून ओली. गजर बंद केला.

५ जानेवारी, रविवार.
आज पाईप. जोतिबाचा प्लंबर वाकडा तुकडा घेऊन आला. नहाणी ट्रॅप.

नहाणी ट्रॅप: फरशीच्या जाळीखाली बसवायचा वाकडा भाग. त्याच्या वाकात कायम थोडं पाणी साठून राहतं. का, तर म्हणे त्या पाण्यामुळं गटाराची हवा वर येत नाही. पाणी म्हणजेच झाकण.

मी विचार केला. पाणी घालवायला बाथरूम बांधायचं आणि तेच पाणी साठवायचं? पाईप सरळ घेतला तर पाणी सरळ जाईल, तुंबणार नाही. असा विचार आजवर कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. ट्रॅप परत पाठवला. प्लंबर जोतिबाकडं बघत राहिला. जोतिबा म्हणाला, "मालक म्हंत्यात तसं."

मालक. हा शब्द बरा वाटला. रविराजला तो नुसतं "रविराज" म्हणतो.

९ जानेवारी, गुरुवार.
फरशी बसवायला सुरुवात. फरशीला ढाळ लागतो, म्हणजे जाळीकडं थोडा उतार, पाणी आपोआप तिकडं जावं म्हणून. जोतिबानं पाण्याची नळी काढली. पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, त्यावरून लेव्हल बघतात. पूर्वीच्या काळी ठीक होतं. मी मोबाइलवर लेव्हलचं ॲप घेतलंय. फोन फरशीवर ठेवायचा, आकडा बघायचा.

जोतिबा म्हणाला, "मोबाइलच्या पाठीला कॅमेऱ्याचा फुगवटा हाय मालक. त्यो सपाट बसत न्हाई." शिकलेल्या माणसाला सुधारायचा लोकांना फार उत्साह. आकडे मी दिले, त्यानं फरशी लावली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. मोजमापं असावीत.

आज मायानं पलीकडून हाक मारली म्हणून आई आठलाच गेली. माया म्हणजे रविराजची बायको. मी विचारलं, तास-तासभर काय चालतं गं तिकडं? आई म्हणाली, "बोलत बसतोय." कुणाशी, ते सांगितलं नाही.

मी आईशी रोज बोलतो. गोळी घेतली का विचारतो. जेवलीस का विचारतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
रविराज तिळगूळ द्यायला आला. वाकून पाया पडला. "गोड बोला दादा." मी गोड बोललो. मग म्हणाला, "बाथरूममध्ये आईसाठी भिंतीला दांडा लावशील न्हवं, धरायला?" मी म्हणालो, टॉवेलसाठी दांडा आहे. "टॉवेलचा न्हवं दादा, आईचं वजन पेलंल असा." म्हणालो, बघू.

माझ्या घरात काय लावायचं ते हा तिळगुळाबरोबर सांगणार. दांडा लावणार होतो. आता नाही लावणार.

१९ जानेवारी, रविवार.
सोलर आला! रविराजचा शंभर लिटरचा आहे, माझा दोनशेचा. त्याचा गच्चीवर मागं लपलेला. माझा चार फुटी विटांच्या खांबांवर, बसस्टँडवरून दिसतो. स्वतः जाऊन बघून आलो. रसवंतीवाल्यालाही दाखवला.

एअर व्हेंट: सोलरच्या टाकीवर उभा केलेला उघडा पाईप. आतली वाफ, हवा त्यातून निघून जाते. तो कधी बंद करायचा नाही, नाहीतर टाकी फुगते. रविराजचा व्हेंट सहा फूट. माझा अकरा. मंगल खालून म्हणाली, "आवं, पायपाची उंची मोजून काय करायचंय?" तिचं माहेर पाटणचं, तिकडं सगळंच डोंगरावर. तिला उंचीचं अप्रूप नाही.

२२ जानेवारी, बुधवार.
अडचण. गरम नळ सोडला की नुसती फुस्स अशी हवा. जोतिबा वर चढून आला. म्हणाला, सोलर वर आणि पाण्याची टाकी खाली, मग सोलरमध्ये पाणी चढणार कसं? पाणी वरून खाली येतं. टाकी सोलरच्या वर पाहिजे.

हे मी आधी कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं.

टाकी वर घेतली तर रविराजला वाटणार त्याचं ऐकलं. त्यापेक्षा उपाय काढला: बोअरची मोटर थेट सोलरला जोडायची. मोटर चालू, पाणी वर. जोतिबानं हात जोडले. नमस्कार केला असावा.

२४ जानेवारी, शुक्रवार.
बाथरूममध्ये वास. नव्या सिमेंटचा असणार. मंगल म्हणाली, "सिमेंटला असला वास?" उदबत्ती लावली. आता उदबत्ती अधिक तो वास.

उद्घाटन परवा, रविवारी, २६ जानेवारीला. झेंडावंदनानंतर. मुख्याध्यापक येणार, मामा येणार, पाटणहून सासरे येणार. रविराजला स्वतः जाऊन सांगितलं. "नक्की येतो दादा," म्हणाला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आतून जळत असणार. असं मनात ठेवून वागणाऱ्या माणसांची कीव येते.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ६.
आईला नवं लुगडं काढून ठेवलंय. आज ती जवळजवळ दोन महिन्यांनी पुन्हा आमच्याकडं आंघोळ करणार, चाळीस माणसांच्या साक्षीनं. म्हणजे आंघोळ आत, साक्ष बाहेर. भाषणाचे मुद्दे: डायव्हर्टर, ट्रॅपचा पुनर्विचार, व्हेंट.

त्याच दिवशी. दुपारी ४. पालथा झोपून लिहितोय.
जे घडलं ते क्रमानं लिहितो. नंतर लोक वाढवून सांगतील.

फीत लावली. आईला मायानं आणि मंगलनं दोन्हीकडून धरलं. पहिली पायरी चढली, दुसरी चढली, थांबून श्वास घेतला, चौथीवर आली. दारातून आत बघितलं. फरशी चमकत होती, आईचं तोंड त्यात दिसत होतं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी न्हाई जायाची आत."

मी म्हणालो, आई, सगळे थांबलेत.

"थांबू देत. मी न्हाई जायाची." आणि मायाचा दंड धरून उलटी उतरायला लागली.

मामा खोकले. मुख्याध्यापकांनी फीत बघितली. मला काहीतरी करणं भाग होतं. म्हणालो, मी स्वतः प्रात्यक्षिक देतो. चपला काढल्या, आत गेलो, मंगलला हाक मारली, "मोटर!"

मोटर सुरू झाली. बाहेर गच्चीवर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. व्हेंट उघडा असतो, तो त्याचा गुण आहे. मोटरचं पाणी त्यातून सरळ आभाळात गेलं आणि अंगणात बसलेल्या पाहुण्यांवर कोमट कोमट पडायला लागलं. सासरे छत्रीशिवाय आले होते. इकडं शॉवरची चकती उडाली. जेवढं पाणी खाली आलं ते जाळीकडं न जाता दाराकडं निघालं, पायऱ्या उतरून आईच्या खोलीत, तिथून मुख्याध्यापकांच्या बुटांत. ते पायरीखाली शिस्तीत उभे होते. पाण्याच्या दणक्यानं गटाराचा वासही वर आला. उदबत्ती विझली.

मी डायव्हर्टरकडं हात केला. तेवढंच आठवतंय. नंतर छत दिसत होतं.

सगळ्यात आधी आत आला तो रविराज. फरशीवर बसून सरकत आला, उभा नाही. कुठलातरी व्हॉल्व्ह बंद केला, "मंगलवैनी, मोटर बंद करा!" म्हणून ओरडला आणि माझ्या काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. कुणी हसलं नाही. निदान माझ्यासमोर. डॉक्टर म्हणाले, माकडहाडाला मार आहे, तीन आठवडे बसायचं जपून.

२८ जानेवारी, मंगळवार.
रजेवर. बाथरूमला कुलूप घातलंय. रविराज सकाळी डबा घेऊन आला, मी झोपल्याचं सोंग केलं. चप्पल न वाजवता परत गेला.

इतकं चांगलं वागायची काय गरज आहे त्याला?

२९ जानेवारी, बुधवार. दुपारी.
मंगल अंगणवाडीत कामाला गेल्यावर आई शेजारी येऊन बसली. उशी सारखी केली. मी विचारून टाकलं. आई, मी सगळं तुझ्यासाठी केलं. आतसुद्धा का आली नाहीस? पाणी रविराजचंच गोड का?

आई बराच वेळ पदराशी खेळत होती. मग म्हणाली, "मी पडले व्हते रं."

मला वाटलं माझ्याबद्दल बोलतेय. म्हणालो, मी पडलो, तू नाही.

"गेल्या थंडीत. आपल्या जुन्या न्हाणीत. शेवाळावरनं पाय सरला, कुल्ल्यावर पडले. उटाया येईना. तुला हाका मारल्या. तुझी मॅच चालली व्हती. टीव्ही मोठा व्हता."

मी पालथ्याचा कुशीवर वळलो.

"मंगल कामावर. पाणी गार झालं, अंग गार झालं. मग पलीकडं रविराज पाया खणत व्हता, त्येनं ऐकलं. भिंतीवरनं उडी मारून आला. दार ढकलून लुगडं टाकलं अंगावर, उचललं. म्हनला, दादाला सांगतो. मीच म्हनलं न्हाई सांगायचं. शपथ घातली."

मला का नाही सांगायचं, विचारलं.

"तू मनाला लावून घेतलं असतंस. न्हाईतर न्हाणीशी भांडत बसला असतास."

मग सांगितलं, तेव्हापासून तिला आत एकटीनं भीती वाटते. दार लावलं की छातीत धडधडतं. रविराजकडं दाराला आतून कडी नाही. ती आत असते तेव्हा तो दाराबाहेर बादली पालथी घालून बसतो आणि बोलत राहतो. फौजेतलं काहीबाही सांगतो. दर दोन मिनिटाला विचारतो, "आई, हायस न्हवं?" ती म्हणते, "हाय रं." एवढंच. पाणी कसलंही असतं तरी चाललं असतं, म्हणाली.

खरखरीत फरशी, धरायचा दांडा, उतार. मोटरसायकल तो अंगणातच लावतो. हे मी रोज बघत होतो.

आई चहा टाकायला गेली. मला त्या दिवशीचा स्कोअर आठवतो. आईची हाक आठवत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार.
दोन दिवस विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहितो: मला अजूनही हेवाच वाटतोय. आधी सोलरचा वाटत होता. आता त्यानं ऐकलं आणि मी ऐकलं नाही, याचा वाटतोय. याला कुठलं ॲप नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार.
कामाचा फेरविचार करून ते रविराज आणि जोतिबा यांच्याकडं सोपवण्याचा निर्णय मी घेतला. म्हणजे रविराजला हाक मारली. कंपाउंडवरून डोकावला. म्हणालो, ते दोन गोष्टी सांगणार होतास, एकच सांगितलीस. दुसरी काय होती?

तो म्हणाला, "पायऱ्या करू नको म्हणणार होतो."

मी म्हणालो, मग ये सोमवारपासून. तो म्हणाला, "आत्ताच येतो की." आणि टेप घेऊनच आला. खिशात होता बहुतेक.

जोतिबाला बोलावलं. तो म्हणाला, प्लास्टर तेवढं झकास झालंय, एक भेग नाही, ते ठेवू. मी म्हणालो, सिमेंट चांगलं होतं. जोतिबा हसला. "सिमेंटाचं काय न्हाई. रविराज रोज दोन टायम तिकडनं पाईपनं पाणी मारत व्हता. मला म्हनला, दादाला बोलू नगा."

तेही त्यानंच. या घरात मी नेमकं काय केलं याची यादी करायला बसलो होतो. सोडून दिली.

८ फेब्रुवारी, शनिवार.
ग्लॉसी फरशी निघाली. भराव काढून फरशी खोलीच्या बरोबरीनं घेतली, पायरी एकही नाही. नहाणी ट्रॅप बसवला, वास दुसऱ्या दिवशी गेला. सोलर खाली आला, टाकी वर गेली. बसस्टँडवरून आता काही दिसत नाही. मी बसायची गादी घेऊन देखरेख करत होतो. जोतिबानं पाण्याची नळी लावली तेव्हा एक टोक माझ्याकडं दिलं धरायला. दुसरं रविराजकडं. बराच वेळ दोघं तसेच धरून उभे होतो. दोन्हीकडचं पाणी सारखं उभं होतं.

दांडा रविराजनं बसवला. मी स्वतः लोंबकळून बघितला. पाठीत कळ आली, दांडा हलला नाही.

दाराची आतली कडी मी काढली. स्क्रू चार. हे काम पूर्णपणे माझं.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
आईला विचारलं, उद्या इथं करशील आंघोळ? म्हणाली, "बाहेर कोण बसनार?"

मी म्हणालो, मी.

माझ्याकडं बघितलं. "बोलशील काय?"

त्याची काळजी तू करू नको म्हणालो. संध्याकाळी विषय लिहून काढले. शाळेतलं काही सांगण्यासारखं नाही. फौजेत मी नव्हतो. पाच विषय काढले, तीन खोडले.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८:२०.
आई आत गेली. दार नुसतं ओढून घेतलं. मी बाहेर गादीवर. आतून बादलीचा आवाज, मग शॉवरचा. पहिला विषय काढला, तो लवकर संपला. दुसरा सुचेना. गप्प बसलो.

आतून हाक आली. "रविराज, हायस न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय आई. हाय."